बापाची नक्कल

चिन्योटच्या सुतारगल्लीत उस्ताद करमदीन यांचा हात सगळ्यांत साफ होता आणि जीभ सगळ्यांत अडखळणारी. शिसवीच्या फळीवर द्राक्षाची वेल काढायला बसले की छिन्नी लोण्यातून फिरावी तशी फिरे. पण गिऱ्हाइकाला "बसा" म्हणायचं तर ब वरच गाडी अडायची. त्याबद्दल ते कधी चिडत नसत की लाजत नसत. शब्द अडला की फळीची धार सरळ आहे का बघताना मिटावा तसा डावा डोळा मिटत, मान थोडी तिरकी करत आणि म्हणत, "थांब, मोजून सांगतो." एवढं वाक्य मात्र त्यांच्या तोंडून सरळ बाहेर पडे, आणि त्याच्या मागोमाग अडलेला शब्दही येई. गल्लीला याची इतकी सवय होती की लोक तेवढा वेळ थांबत. चाळीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

रियासत हा त्यांचा थोरला मुलगा. त्याच्या पाठीवर एक मुलगी, हाजरा. रियासतच्या हातात छिन्नी टिकत नसे. वेल काढायला घेतली की पानाला भोक पडे. त्याला येत होती फक्त नक्कल. मास्तरांची, मौलवीसाहेबांची, वजनात मारणाऱ्या खाटकाची. संध्याकाळी अंगणात खाटेवर उभा राहून तो एकेक माणूस काढून दाखवी, आणि करमदीन हसून हसून डोळे पुसत. आई तंदूरपाशी बसून ऐके. एकदा ती हळूच म्हणाली, "सगळ्या गावाची कर बाबा. घरातल्यांची नको." रियासतनं मान डोलावली. सांगायची गरजच नव्हती. त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं.

विसाव्या वर्षी तो म्हणाला, "अब्बाजी, मला लाहोरला जायचंय. रेडिओवर, नाटकात कुठंतरी काम बघतो."

करमदीन यांनी डोळा मिटला. "थांब, मोजून सांगतो." आणि मग इतका वेळ गेला की आईनं तव्यावरची रोटी काढून दुसरी टाकली. शेवटी ते म्हणाले, "जा."

लाहोरात पंधरा वर्षं रियासतनं काय काय केलं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. रेडिओवर घोड्यांच्या टापा काढल्या, थिएटरात पडदे ओढले. टेलिव्हिजन आलं तेव्हा पोस्टमन झाला, हवालदार झाला, कोर्टातला तिसरा साक्षीदार झाला. कृष्णनगरात दोन खोल्या घेतल्या, तस्नीमशी लग्न झालं. तस्नीम शाळेत शिकवायची आणि घर तिच्यावर चालायचं. रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे. हे त्याला लागे, पण तो बोलून दाखवत नसे.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात टेलिव्हिजनवरच्या दिग्दर्शिका मोहसिना आपांनी त्याला बोलावलं. त्या नवी मालिका करत होत्या, 'टाहलीवाला मोहल्ला' नावाची. त्यात चाचा खैरा नावाचा एक खाटा विणणारा म्हातारा होता. दोन प्रसंग, सहा वाक्यं. तालमीत रियासतनं ती सहा वाक्यं म्हटली. आपांनी कागद खाली ठेवले.

"रियासत, हा म्हातारा जिवंत आहे की मेलाय?"

"आपा, परत करतो."

परत केलं. तिसऱ्यांदा केलं. कोपऱ्यात बसलेली तरुण नटमंडळी आपापला चहा प्यायला लागली. आपा घड्याळ बघून म्हणाल्या, "राहू दे. उद्या दुसऱ्या कुणाला तरी बघते. तुझा दोष नाही, भूमिकाच फालतू आहे."

त्या क्षणी रियासतचा डावा डोळा मिटला. आपण मिटला की आपोआप मिटला, हे त्याला पुढं कधीच धड सांगता आलं नाही. मान तिरकी झाली. तोंडातून ब-ब-ब निघालं, अडलं, आणि मग तो म्हणाला, "थांब, मोजून सांगतो."

चहा पिणाऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. आपा हसत हसत टेबलावर आडव्या झाल्या. "कुठं लपवून ठेवला होतास रे हा माणूस?"

"मोची दरवाजाच्या बाजारात बघितला होता एक म्हातारा," रियासत म्हणाला. हे पहिलं खोटं. मग ते इतक्यांदा सांगितलं गेलं की त्या नसलेल्या म्हाताऱ्याला दाढी फुटली, दुकान आलं, एक चिडकी बायकोसुद्धा आली.

सहा वाक्यांचा चाचा खैरा चौथ्या भागापासून दर आठवड्याला यायला लागला. सोमवारी आठ वाजले की बाजार ओस पडत. अनारकली बाजारातले दुकानदार भाव विचारला की डोळा मिटून म्हणत, थांब, मोजून सांगतो. लग्नात काजीनं वराला कबूल आहे का विचारलं तर वराचे मित्र मागून तेच ओरडत. तस्नीमबरोबर भाजी आणायला गेला तर माणसं जमू लागली. ज्या चेहऱ्याला पंधरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं त्याच्यासाठी टांगेवाले टांगा थांबवू लागले. रियासतला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. त्याला फार आनंद झाला. चिन्योटचा विचार आला की तो मनाला समजावी, घरात टीव्ही नाही, अब्बाजी रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर लगेच झोपतात, कोण बघतंय.

ईदला तो बर्फी आणि आईसाठी शाल घेऊन गावी गेला. स्टँडवरच पोरांचा घोळका मागे लागला. घरी अब्बाजींनी गळाभेट घेतली, पाठीवर हात फिरवला आणि आत निघून गेले. जेवताना रियासतनं विचारलं, "अब्बाजी, तब्येत कशी आहे?" त्यांनी मान हलवली. "काम कसं चाललंय?" पुन्हा मान हलली. मटणाचं भांडं त्यांनी त्याच्याकडं सरकवलं, आणखी घे म्हणून हातानं खुणावलं. सगळं जेवण झालं तरी तोंडातून एक अक्षर नाही.

हाजरा अंगणात भांडी घासत होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"अब्बाजी बोलत का नाहीत?"

"तुला माहीत नाही?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस, भाईजान. कॅमेऱ्यासमोर बोल जा, इथं नको."

मग तिनंच सांगितलं. हकीम अता मोहम्मद यांनी दवाखान्यात टीव्ही घेतला होता. करमदीनचा मुलगा टीव्हीवर दिसतो म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच सोमवारी अब्बाजींना मानानं बोलावून घेतलं. अब्बाजी कडक इस्त्रीचा फेटा बांधून गेले. त्यांना पुढची खुर्ची दिली. पन्नासेक माणसं होती.

"चाचा खैरा आला तसे अब्बाजी हसले," हाजरा म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. त्यांना कळलंच नाही. माणसाला स्वतःचं कुठं दिसतं? मग हकीमसाहेबांनी मागं वळून अब्बाजींकडं बघितलं. मग शेजारच्यानं बघितलं. मग सगळ्यांनी. आणि मग सगळी खोली हसायला लागली, भाईजान. पडद्याकडं बघून नाही."

"मग?"

"मग काय. शेवटपर्यंत बसले. उठून आले असते तर लोक म्हणाले असते, मुलाचं कौतुक नाही. घरी येऊन फेटा खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी दुकानापुढून पोरं ओरडत गेली. गिऱ्हाईक येतं, अब्बाजींनी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणतं. प्रेमानंच म्हणतात रे, कुणी वाईट मनानं नाही. आता ते मागच्या खोलीत बसून काम करतात. पुढं शागीर्दाला बसवलंय."

रियासत उठून मागच्या खोलीत गेला. करमदीन एका दाराची चौकट कोरत होते.

"अब्बाजी, माझं चुकलं," तो म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले.

करमदीन यांनी छिन्नी थांबवून त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. बराच वेळ बघितलं. रियासतच्या मनात आलं, यांना वाटतंय मी हेसुद्धा करून दाखवतोय. आणि ते मनात आल्याबरोबर पुढचे शब्द त्याला सुचेनात. करमदीन यांनी त्याचा खांदा थोपटला आणि पुन्हा कामाला लागले.

लाहोरला परतल्यावर तो थेट मोहसिना आपांकडं गेला आणि सगळं सांगून टाकलं. मोची दरवाजातला म्हातारा नाही, माझा बाप आहे म्हणाला. आपांनी ऐकून घेतलं. त्या मनाच्या कठोर नव्हत्या.

"चाचा खैराला निमोनिया करू," त्या म्हणाल्या. "दोन प्रसंगांत आटोपते. लोक शिव्या देतील, देऊ देत. तू फक्त हो म्हण."

खाली फाटकाशी पाचसात मुली सह्या घ्यायला वह्या घेऊन उभ्या होत्या. खिडकीतून त्या दिसत होत्या.

"एवढी मालिका संपू दे, आपा," तो म्हणाला. "अर्ध्यावर लोकांचा रसभंग नको."

आपांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि विषय बदलला. पुढं आयुष्यभर रियासतला रिहर्सलमधलं ते डोळा मिटणं फारसं टोचलं नाही. ते झालं तसं झालं. टोचायचं ते हे वाक्य, कारण ते त्यानं नीट विचार करून उच्चारलं होतं.

मालिका संपली, पण चाचा खैरा संपला नाही. एका ठेकेदारानं त्याच्यावर नाटक काढलं आणि नौरोज थिएटरात ते धोधो चाललं. थिएटरच्या दर्शनी भिंतीवर दोन मजले उंच फलक रंगवला होता: रियासतचा चेहरा, पांढरी दाढी, मिटलेला डावा डोळा. आता नक्कल करणाऱ्यांचंही पीक आलं होतं. जालंधरी मिठाईवाल्याचा नोकर, कॉलेजची मुलं, पेन्शनीत निघालेले कारकून, सगळे थिएटरच्या दाराशी येऊन आपला चाचा खैरा दाखवत आणि काम मागत. दारवान अल्लादित्ता त्यांना हाकलून हाकलून कंटाळला होता.

एका दुपारी रियासत तालमीहून बाहेर पडत होता. अल्लादित्तानं हसत सलाम केला.

"साहेब, आज एक नमुना चुकवलात तुम्ही. म्हातारा होता. फेटाबिटा बांधून, नवे जोडे घालून, हातात गाठोडं. म्हणे र-र-र, र-र-र. मी म्हटलं बाबा, पुढं चला. तर डोळा मिटून, 'थांब, मोजून सांगतो'! खरं सांगू? तुमच्यापेक्षा बरा करत होता. फक्त जरा जास्तच ताणत होता. इथं जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या."

रियासतनं त्याचा हात धरला. "मग?"

"मग मी म्हटलं, बाबाजी, रोज दहा येतात, घरी जा, नातवंडांना दाखवा. तो वर फलकाकडं बघत राहिला थोडा वेळ. मग गेला."

"किती वेळ झाला?"

"दुपारच्या, जोहरच्या बांगेआधी. का साहेब? ओळखीचा होता?"

रियासत रिक्षा करून बादामी बागेच्या बसअड्ड्यावर गेला. चिन्योटच्या दोन गाड्या सुटून गेल्या होत्या, तिसरी भरत होती. तिच्यात चढून, वाकून एकेक तोंड बघितलं. बसलेल्यांनी त्याला ओळखलं. एकानं डोळा मिटला, सगळी गाडी हसली. तो खाली उतरला. त्याच गाडीत बसून जाता आलं असतं. पण त्या दिवशी सात वाजता खेळ होता, दुसऱ्या दिवशी दोन खेळ होते. तो गेला तिसऱ्या दिवशी.

करमदीन ओसरीवर उन्हात बसून हत्यारांना धार लावत होते.

"अब्बाजी, तुम्ही लाहोरला आला होतात?"

त्यांनी मान हलवली. हो.

"थिएटरवर?"

हो.

"त्या दारवानाला काढून टाकायला लावतो मी. त्याला कळलं नाही. अब्बाजी, का आला होतात? काही काम होतं?"

करमदीन यांनी पोलादावर थोडं तेल टाकलं. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, डोळा न मिटता, घाम येईपर्यंत झगडत ते म्हणाले, "का-काही न-नाही. अ-असंच."

हे ऐकणं रियासतला सगळ्यात जड गेलं. आयुष्यभर ज्या एका वाक्याच्या आधारानं ते अडलेला शब्द ओलांडत आले होते, ते वाक्य त्यांनी टाकून दिलं होतं. आता त्यांना आधाराशिवाय चालावं लागत होतं.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला म्हणाले, त्याच्यासाठी लाडू बांध, पिन्न्या. मी बांधल्या. परत आले तेव्हा गाठोडं नव्हतं. वाटेत कुणाला तरी दिलं म्हणे." हाजराला वाटत होतं, ते नाटक बघायला गेले होते. आईला वाटत होतं, ते त्याला घरी आणायला गेले होते. तस्नीमला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, "कदाचित तुम्हाला सांगायला आले असतील, की जाऊ दे, मनावर घेऊ नकोस." तिघींचं तीन तऱ्हेचं. खरं काय ते करमदीन यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि पाच वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले.

जनाज्याला सगळं चिन्योट लोटलं. रियासतनं जनाज्याला खांदा दिला होता तेव्हा गर्दीतून कुणीतरी लहान मुलाला उचलून धरलं आणि म्हणालं, "तो बघ, चाचा खैरा." मूल हसलं. रियासत खाली बघून चालत राहिला.

त्यानंतर त्यानं ती भूमिका सोडली. फार उशिरा सोडली आणि सोडल्याचा उपयोगही झाला नाही. गंभीर कामं केली: मुलगी गमावलेला बाप, फाळणीत हरवलेला भाऊ. कामं चांगली होती, जाणकारांनी वाखाणली. पण तो पडद्यावर आला की घरोघरी माणसं वाट बघत बसत, आता डोळा मिटेल. मिटला नाही की त्यांची निराशा होई. वर्षं गेली. नवीन वाहिन्या आल्या, मोहसिना आपा गेल्या, तस्नीम गेली. मुलगा कॅनडात स्थायिक झाला. रियासत आजोबांच्या भूमिका करू लागला, ज्यात खुर्चीत बसून दोनदा खोकायचं असतं.

सत्तरीत असताना एका वाहिनीनं त्याला सकाळच्या कार्यक्रमात बोलावलं. सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड होती, त्याच्या नातीच्या वयाची. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "रियासतसाहेब, चाचा खैरा तुम्हाला कुठं भेटला?"

मोची दरवाजा ओठांवर आला होता. का कोण जाणे, त्यानं तो गिळला आणि खरं सांगितलं. हकीमसाहेबांचा टीव्ही, मागची खोली, थिएटरचं दार, सगळं. स्टुडिओत बसलेल्या बायका ओढण्यांनी डोळे पुसू लागल्या. मुलीच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं. त्यालाही हलकं वाटलं, तीस-पस्तीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

मुलीनं त्याचा हात हातात घेतला. "बाबाजी, एक विनंती करू? एकदा, फक्त एकदा, त्यांच्या आठवणीसाठी… करून दाखवा ना."

बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कॅमेरा जवळ सरकला. पन्नास वर्षं कॅमेरा सरकला की ज्या माणसाचं अंग आपोआप सावरून बसे, त्याचं अंग सावरून बसलं. त्यानं केलं. अचूक केलं, कुठंही कमीजास्त नाही. लोक रडता रडता हसले आणि उभे राहिले.

तो तुकडा फोनाफोनांवर फिरला. चार दिवस त्याला अभिनंदनाचे निरोप येत होते. हाजरानं मात्र फोन उचलला नाही. आठवडाभर वाट बघून तो चिन्योटला गेला. ती आता स्वतःच आजी झाली होती, गुडघ्यांनी अधू, खाटेवर बसून वाटाणे सोलत होती.

"रागावलीस?"

"नाही."

"मी खरं सांगितलं, हाजरा. सगळ्यांसमोर. इतकी वर्षं जमलं नव्हतं."

"ऐकलं मी. नातवानं दाखवलं." तिनं शेंगा बाजूला सारल्या. "तुझ्यावर राग नाही, भाईजान. राग असता तर बरं झालं असतं. मी अब्बाजींचा आवाज आठवायला जाते ना, तर तुझा येतो. डोळे मिटून बसते, अंगण आठवते, त्यांचा हात आठवतो, तो नीट येतो. पण बोलायला लागले की ते तूच असतोस. त्यांचा कसा होता, सांग बरं. तुला येतो आठवायला?"

रियासतनं खूप प्रयत्न केला. लहानपणचं अंगण त्याला आठवलं, तंदूरचा धूर आठवला, "जा" म्हणाले तो दिवस आठवला. अब्बाजींचे ओठ हललेले दिसले. आवाज आला तो टीव्हीवरचा होता.

"नाही," तो म्हणाला.

सुनेनं चहा आणून ठेवला. दोघं मिळून उरलेले वाटाणे सोलत बसली, आणि ते संपल्यावर तिनं विचारलं, जेवून जाणार की लगेच निघणार. तो जेवायला थांबला.